गुरुजी, ती घंटा तुम्ही वाजवली

तुळशीरामजी कापगते गुरुजी. या जन्मात माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईबापाच्याही आधी मी तुमचं नाव घेईन. माझ्या बापाला त्याचं वाईट वाटणार नाही. तोही जाईपर्यंत हेच सांगत होता.

हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून लोक म्हणतील की सुभाष उपकार विसरला. मी काहीच विसरलेलो नाही, गुरुजी. अडचण तीच आहे.

मागच्या आठवड्यात तुमची तेरवी झाली. दुपारी शाळेच्या पटांगणात मंडप टाकून शोकसभा ठेवली होती. चौकटीतला तुमचा फोटो, त्यात तुम्ही झेंडावंदनाला घालायचे तो बंद गळ्याचा कोट. फोटोशेजारी लोखंडी स्टँडला शाळेची जुनी घंटा टांगली होती, तीच, रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तिला चंदेरी रंग दिला होता आणि हार घातला होता. एकेक जण उठला, माईक ठोकून पाहिला, आणि थोड्याफार फरकाने एकच वाक्य बोलून बसला: गुरुजींनी हे गाव घडवलं.

मलाही बोलायला सांगितलं होतं. सरपंच खुर्चीजवळ येऊन वाकले आणि म्हणाले की माझ्याशिवाय कार्यक्रम अधुरा आहे. मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांना वाटलं मला गहिवरून आलंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताचा राग आला, फोटोचा राग आला, आणि हार घातलेल्या त्या घंटेकडे तर मला बघवेना. गाव तुम्ही घडवलं हे मलाही मान्य आहे. मग तलावाच्या पाळीवरची ती दुपार कोणी घडवली, एवढंच मला उठून विचारायचं होतं. तुमच्या फोटोसमोर ते विचारता आलं नाही, म्हणून इथं विचारतो.

आधी चहाचं सांगतो. दहावीचा निकाल लागला तेव्हा बापानं मला शेतात घालायचं पक्कं केलं होतं. आमचं धान तलावाच्या पाण्यावर होणारं, माणसं मिळत नव्हती, आणि मी अंगानं भरलेलो होतो. तुम्ही संध्याकाळी आमच्या घरी आलात. आईनं चहा केला. तुम्ही कप घेतला, खाटेच्या कडेवर ठेवला आणि बापाला म्हणालात, "पोट्ट्याले साकोलीले शिकाले पाठवतो म्हण, मंग पिईन." बाप कारणं सांगत राहिला. तुम्ही ऐकत राहिलात. शेवटी तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "गुरुजी, चाय तं घ्या जी. थंडा होऊन राहिला." तुम्ही म्हणालात, होऊ दे. चहावर जाड साय धरली तेव्हा कुठे बाप हो म्हणाला. तुम्ही बोटानं साय बाजूला केली आणि तो गार चहा एका दमात प्यायलात. मी दाराआडून बघत होतो. त्या सायीनं माझं आयुष्य फिरवलं.

पुढे मी पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला. एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. मधे माझा चेहरा, भोवती नखाएवढे गावकऱ्यांचे चेहरे, खाली 'शुभेच्छुक : समस्त गावकरी'. मी लाजून म्हटलं, हे कशाला. तुम्ही पेढा हातात धरून म्हणालात की हा एकटा पास नाही झाला, याला गावानं पास केलं. कोणी सायकल दिली, कोणी जुनी पुस्तकं दिली, कोणी परीक्षेच्या दिवसांत याच्या बापाच्या धानाच्या बांधीत रोवणं, म्हणजे लावणी, करून दिलं. हे खरं होतं. मी ते आजही माझ्या वर्गात पोरांना सांगतो. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या ज्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो, तिथं 'समाज' हा शब्द आला की मी त्या फ्लेक्सची गोष्ट सांगतो.

आता ती गोष्ट अर्ध्यावर थांबवावी लागते.

घंटेचं मात्र बाहेरच्या लोकांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. दर वर्षी धान कापून झालं, खळ्यावर मळणी लागली की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, डेरेवाले उतरत. ही भटकी माणसं. पाळीवरच्या शिंदीच्या झाडांची पानं कापायची, त्यांचे फडे, म्हणजे झाडू, आणि चटया करायच्या, गावात आणि एकोडीच्या बाजारात विकायच्या, आणि पुढं निघून जायचं. शाळेच्या ओसरीवरून तलाव पूर्ण दिसतो. पहिला डेरा दिसला की तुम्ही स्वतः उठायचे आणि घंटा वाजवायचे. शाळा भरायची घंटा वेगळी, सुटायची वेगळी, आणि ही तिसरी. न थांबता, भरभर, हात दुखेपर्यंत. ती वाजली की आम्ही दप्तर तिथंच टाकून घरी पळायचो. आईला सांगायचं, दार लाव, अंगणातलं धान आत घे, कोंबड्या झाक, डेरेवाले आले. ही पद्धत तुम्ही सुरू केली. तुमच्या आधी गावात ती नव्हती, हे म्हाताऱ्या माणसांनीच मला सांगितलं आहे, कौतुकानं.

आम्हाला तो खेळ होता. मीही पळायचो, पुढच्या रांगेत पळायचो. कोणाचं दार आधी लागतं याची शर्यत असायची. डेरेवाल्यांनी गावात काही चोरल्याचं मला आठवत नाही. एकदा आमच्या आळीतली पाण्याची पितळी गुंडी गेली. सगळ्यांनी त्यांचं नाव घेतलं, आणि उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा ती विहिरीत सापडली. त्यावर कोणी काही बोललं नाही. फडे मात्र सगळ्या घरी त्यांचेच. दार अर्धं उघडून भाव करायचा, पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, पाणी मागितलं तर वरून ओतायचं.

तुम्ही क्रूर नव्हता. शाळेच्या हातपंपाचं पाणी तुम्ही त्यांना भरू द्यायचे, आणि त्यांच्या एका तापानं फणफणलेल्या लेकराला तुम्ही स्वतः गोळी दिलेली मी पाहिली आहे. गोळी देऊन तुम्ही परत ओसरीवर आलात आणि आम्हाला म्हणालात, यांच्यापासून सावध राहा, यांच्या रक्तातच आहे ते. त्याच आठवड्यात तुम्ही फळ्यावर रक्तगटांचा तक्ता काढला होता. आम्ही दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहून घेतल्या.

मग दोन हिवाळ्यांपूर्वीची ती दुपार. तुम्ही निवृत्त झाला होता, पण रोज जेवण झालं की शाळेच्या ओसरीवर जाऊन बसायचे. शाळेत विजेची घंटा आली होती. रुळाचा तुकडा जुन्या कडुनिंबाला तसाच लटकत होता. डेरे पाळीवर उतरलेले होते. दुपारी गावातल्या मोबाईलच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. डेरेवाल्या शंकरचा, पाठीवर पोतं. खाली लिहिलं होतं, पोरं पळवणारी टोळी. त्याच वेळी गावातल्या भुमेश्वरची लहान मुलगी घरात सापडत नव्हती. एवढं पुरे झालं. पोत्यात शिंदीची पानं होती हे फोटोतही दिसत होतं. पानांची टोकं बाहेर आली होती.

आणि घंटा वाजली. तिसरी.

ती ऐकून जी माणसं बाहेर आली ती एके काळी तुमच्या त्याच घंटेवर घरी पळालेली लेकरं होती. आता ती बाप झाली होती, ट्रॅक्टर चालवत होती, त्यांच्या मिशा आल्या होत्या. लहानपणी त्यांनी त्या आवाजावर दारं लावली. आता दारं लावायचं काम त्यांच्या बायका करत होत्या. म्हणून हे काठ्या घेऊन पाळीकडे गेले. शंकरच्या हातात पानं कापायचा विळा होता. तो विळाच पुरावा ठरला.

भुमेश्वरची मुलगी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात खेळता खेळता झोपली होती. उन्हं उतरली तेव्हा उठली, केसांत तणीस, आणि आईला म्हणाली, भूक लागली. तोवर शंकर पाळीवर मरून पडला होता. इतकी वर्षं तो गावात येत होता, पण त्याचं नाव गावाला पंचनाम्यातून कळलं.

चार जणांना अटक झाली. त्यातला लोकेश माझ्या बेंचवरच्या मित्राचा धाकटा भाऊ. मी त्याला खांद्यावर घेऊन दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक दाखवलं आहे. त्याला सोडावं असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. ज्या हातांनी मारलं त्या हातांना शिक्षा झालीच पाहिजे. सगळं गाव दोषी असं म्हणून मारणाऱ्याला मोकळं सोडणं हा सुद्धा एक पळ काढण्याचाच प्रकार आहे. पण गावानं दुसरा पळ काढला. गाव म्हणालं, चार टवाळ पोरं होती, दारू प्यायलेली, त्यांनी केलं, गावाचं नाव कायले बदनाम करता. मी ज्याला ज्याला विचारलं तो त्या दुपारी शेतात होता, नाहीतर बाजारात, नाहीतर तापानं पडलेला. पाळीवर दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती असं शंकरची बायको सांगते, आणि गावातला एकही माणूस तिथं नव्हता.

माझ्या पदवीला समस्त गावकरी लागले, गुरुजी. या खुनाला चारच कसे पुरले?

तुम्ही पोलिसांना सांगितलं की मी घरी पडून होतो, रक्तदाब वाढला होता, घंटा कोणी वाजवली माहीत नाही. कागदावर आजही तसंच आहे. ती घंटा आपोआप वाजली.

सोनाबाई, म्हणजे शंकरची बायको, तारखेला भंडाऱ्याला येते. कोर्टाच्या आवारात भिंतीला टेकून बसते, सोबत फडे असतात, एखादा विकला जातो. पहिल्यांदा मी तिच्याजवळ गेलो आणि गावाचं नाव सांगितलं तेव्हा ती सरकून बसली. पुढच्या काही तारखांनी बोलू लागली. एकदा तिनं मला विचारलं की ती घंटा कोण वाजवतं. मी एक फडा उचलून भाव विचारला. तेव्हा ती म्हणाली, "दरसाल आमी डेरा टाकला का घंटा वाजे. लेकरं धावत निंगत. मी माह्या पोराइले सांगो, पाह्य, शाळा सुटली."

त्यांना ती शाळा सुटल्याची घंटा वाटत होती, गुरुजी. त्यांच्यासाठी वाजवलेली आहे हे त्यांना कधी कळलंच नाही. तिची लेकरं पाळीवर उभी राहून आमच्याकडे बघायची हे मला आठवतं. आम्हाला वाटायचं ती दारं हेरताहेत.

त्याच रविवारी मी तुमच्याकडे आलो. भांडायलाच आलो होतो. तुम्ही ओसरीवर खुर्चीत होता, गुडघ्यांवर शाल. मी सोनाबाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं आणि वर्गात प्रमेय सिद्ध करायचे तसे एकेक पायरीनं मला विचारू लागलात.

"मी काठी उचलली काय?"

"नाही."

"मी मारा म्हटलं काय?"

"नाही."

"मंग तू माह्याकडे कायले आला? कायद्यात गाव नावाचा आरोपी नसते, सुभाष."

मी म्हटलं, "फ्लेक्सवर असते, गुरुजी."

तुम्ही हसलात. वाईट हसलात. म्हणालात, "गजब शिकला बाप्पा तू. मीच शिकवलं, आता मलेच सोसा लागते." मग तुमचं नेहमीचं वाक्य आलं. गावानं काही उगाच संशय घेतला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, त्यांच्या रक्तात असते ते.

"कोणत्या?" मी विचारलं. "ए, बी, एबी का ओ? तुम्हीच तक्ता काढला होता. फळ्याच्या डाव्या अंगाला."

तुम्ही चिडलात. तुम्ही मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. लहानपणी मारायचे तसं. पण तुम्ही एकदम भराभर बोलू लागलात, की मी तर लेकरू सापडत नाही म्हणून वाजवली, लोकं गोळा व्हावे, शोधावं, एवढंच; ही पोट्टी अशी धावतील हे मला काय माहीत; आणि त्याले तर समजलंबी नाही, तो तलावाकडे तोंड करून, पाठ करून बसला होता, पानं कापत.

आणि तुम्ही थांबलात.

मला ओसरीवरून दिसणारा तलाव डोळ्यांसमोर आला. आरोपींचा वकील कोर्टात सांगत होता की शंकरच आधी विळा घेऊन अंगावर आला, त्या झटापटीत तो मेला. आणि तुम्ही पाहिलं होतं की तो पाठ करून बसला होता. सोनाबाईचा सगळा खटला या एका गोष्टीवर उभा होता आणि ती गोष्ट गावात एका माणसाला सांगता येत होती. ज्याच्या शब्दावर गावही विश्वास ठेवेल आणि कोर्टही, असा एकच माणूस.

मी म्हटलं, हे कोर्टात सांगा. तुम्ही शाल सारखी करत राहिलात. म्हणालात की ती चारही माझी पोरं आहेत. मी म्हटलं, मीही आहे. तुम्ही म्हणालात, तुला नोकरी लागली, तू शहापुरात राहतोस, तुला या गावात मरायचं नाही. मग सूनबाईला हाक मारून चहा सांगितला. चहा आला. मी कप घेतला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला.

ही पद्धत तुमचीच होती आणि तुम्ही ती लगेच ओळखली. आपण दोघं त्या कपाकडे बघत बसलो. सूनबाई दारात उभी राहून आपल्याकडे बघत होती, तिला काही कळेना. शेवटी तुम्ही म्हणालात, "चाय तं घे. थंडा होऊन राहिला."

माझ्या बापाचेच शब्द. तेव्हा चहावर साय आली आणि बाप हो म्हणाला होता. तुम्ही नाही म्हणालात. मी उठलो. तुमच्या पाया पडलो, कारण त्याशिवाय मला तुमच्या घरून निघता येत नाही, आणि निघालो. साय धरलेला तो कप तिथंच राहिला. तुमची माझी तीच शेवटची भेट.

त्यानंतर मी सरकारी वकिलांना भेटलो. ते म्हणाले, गुरुजी स्वतः तयार असतील तर साक्षीसाठी अर्ज करतो. मी तुम्हाला पत्र लिहिलं. फोनवर आपण पुन्हा भांडलो असतो. पत्र पोचल्यावर तुम्हीच फोन केला. म्हणालात, "पत्र मिळालं. अक्षर अजून चांगलं आहे तुझं." मग माझ्या मुलीची परीक्षा कशी गेली ते विचारलं, शहापूरला थंडी किती आहे ते विचारलं. आणि ठेवता ठेवता म्हणालात, "तारीख कोणती म्हटली होती तू?" मी सांगितली. तुम्ही हं म्हणालात.

त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात तुम्ही झोपेतच गेलात.

तुमचा मुलगा सांगत होता की तो बंद गळ्याचा कोट तुम्ही इस्त्रीला दिला होता. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात आंधळगावला तुमच्या भाचीच्या घरी लग्नही होतं. मी त्याला खोदून विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. गुरुजी, गेलेले काही दिवस मी त्या कोटाशी भांडतो आहे. माझ्यातला विद्यार्थी म्हणतो की तो कोर्टासाठीच होता. पण संशयाचा फायदा आरोपीला देतात, आणि तुम्हाला आरोपी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून तो फायदाही मी तुम्हाला देणार नाही. तुमच्या हातात दोन हिवाळे होते. ओसरीपासून पोलीस पाटलाचं घर हाकेच्या अंतरावर आहे.

तारखेला मी गेलो. सोनाबाईनं माझ्या मागे पाहिलं, कोणी येतंय का म्हणून. तिला मी सांगून ठेवलं होतं. ही एक चूक झाली. तुम्ही गेलात हे सांगितल्यावर तिनं विचारलं, कसे. मी म्हटलं, झोपेत, घरी. ती थोडा वेळ फड्याची गाठ आवळत राहिली, मग म्हणाली, "आपल्या बिछान्यावर गेले. चांगलं आहे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, सापडला असता तर सोपं झालं असतं.

आता शोकसभेचं शेवटचं सांगतो. सगळी भाषणं झाल्यावर सरपंचांनी जाहीर केलं की शाळेच्या नव्या सभागृहाला तुमचं नाव देणार आणि ही घंटा दारात कायमची लावणार. मग श्रद्धांजली म्हणून त्यांनी हातोडीनं घंटेवर हळूहळू ठोके दिले. मागून कोणीतरी म्हणालं, असे नाही, गुरुजी वाजवत तसे वाजवा. आणि त्यांनी वाजवली. भरभर, न थांबता. मंडपात मागं बसलेल्या दोन म्हाताऱ्या गडबडीनं उठल्या. एक म्हणाली, "अवं माय, धान आंगणात वाळू घातलं आहे." सगळे हसले. ती पण हसली, आणि पदर सावरत खाली बसली.

पाळीवर एकही डेरा नव्हता. त्या हिवाळ्यापासून ते लोक आपल्याकडे उतरत नाहीत. घंटा वाजत होती आणि गाव उठत होतं. तेव्हा मला कळलं की तुमच्यावर रागावून मी एकट्या माणसावर रागावत होतो, जसं गाव त्या चौघांवर सगळं टाकून मोकळं झालं. तुम्ही गेल्यानं काही संपलेलं नाही. तुम्ही वाजवली, आम्ही पळालो, आमच्या आयांनी कड्या घातल्या, आणि कोणी एकदाही विचारलं नाही की काय गेलं, कोणाचं गेलं. समाजाचा वाटा किती, असं माझे विद्यार्थी मला विचारतात. मी त्यांना सांगतो, टक्क्यांत नाही सांगता येत. ज्याचा हात उठला त्याचा सगळा दोष त्याचाच. आणि त्यातला एक कणही कमी न करता, तो हात उठायला ज्यांनी शिकवलं, ज्यांनी उभं राहून पाहिलं आणि नंतर जे शेतात होते, त्यांचाही. उपकार वाटून घेतले की कमी होत नाहीत, हे तुम्हीच मला त्या पेढ्याच्या दिवशी शिकवलं. दोषाचंही तसंच आहे.

मी त्या दुपारी गावात नव्हतो, म्हणून मला तिची साक्ष देता येत नाही, आणि तुम्ही मला जे बोललात ते ऐकीव ठरतं. पण घंटेची पद्धत काय होती, ती कधीपासून होती, ती ऐकून आम्ही काय करायचो, हे सांगायला मी उभा राहणार आहे. सरकारी वकील म्हणाले, कोर्ट ते कितपत धरेल सांगता येत नाही. न धरलं तरी चालेल. एका तरी माणसानं सांगावं की तो तिथं वाढला. सभागृहाच्या दारात घंटा लावायला मी विरोध केला आहे, तसा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. लोकेशचा भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. माझ्या आईला परवा एका बारशाच्या जेवणात बायकांनी वेगळं बसवलं. तुम्ही बरोबर म्हणाला होता, इथं मरायचं असेल तर अवघड आहे.

तुम्हाला मी लिहिलेलं पत्र तुमच्या मुलानं मला परत दिलं. उघडलेलं होतं, घडी पुष्कळदा उकलून पुन्हा घातल्यासारखी मऊ झाली होती. त्यावर तुम्ही काही लिहिलेलं नाही. ते इथं देतो. दुसरं काही माझ्याजवळ नाही.

गुरुवर्य कापगते गुरुजींना
सा. न.

त्या दिवशी चहा टाकून आलो, त्याबद्दल आईनं मला फार बोलून घेतलं. तिला कारण सांगितलेलं नाही.

मी सरकारी वकिलांना भेटलो. तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. दोनच वाक्यं आहेत. घंटा मी वाजवली. तो पाठ करून बसला होता. पोरांची नावं तुम्ही सांगावी असं मी म्हणत नाही, विचारतील तेव्हा तुम्ही ठरवा. ही दोन वाक्यं तुमच्याशिवाय कोणालाच बोलता येणार नाहीत.

तुम्हाला भीती वाटते की गाव तुम्हाला टाकेल. मला वाटतं की तुम्ही उभे राहिलात तर बाकीच्यांनाही आठवेल की ते त्या दुपारी शेतात नव्हते. हे गाव तुमचं ऐकतं. ते कसं ऐकतं हे आपण पाहिलंच आहे. एकदा चांगल्यासाठी ऐकू द्या.

तुम्ही मला सांगितलं होतं की माझ्या पदवीत सगळ्यांचा वाटा आहे. मी ते खरं मानलं आणि आजवर गावात कोणासमोर ताठ्यानं बसलो नाही. तेवढाच खरेपणा या गोष्टीतही असू द्या. त्यानं तुम्ही माझ्यासाठी लहान होणार नाही. गप्प राहिलात तर काय होईल ते मला माहीत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.

तारखेच्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन येतो. थंडी असेल, कोट घाला. कोर्टात मी तुमच्या बाजूलाच बसेन आणि परत घरी सोडून देईन. रस्त्यात माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

दारात हॉर्न वाजवणार नाही. आत येईन. सूनबाईला चहा ठेवायला सांगा. या वेळी मी गरम असतानाच घेईन.

तुमचा विद्यार्थी
सुभाष